वाटणीचा दावा जिंकला, पण उताऱ्यावर नाव नाही: डिक्रीपासून पहणीपर्यंतची वाट

दावा जिंकल्यावर पेढे वाटून घरी बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. चार-पाच वर्षांनी पीककर्जासाठी सोसायटीत गेलं की सेक्रेटरी विचारतो, "उताऱ्यावर नाव कुठाय?" मग प्लास्टिकच्या पिशवीतून घडीवर फाटलेली डिक्री बाहेर येते. "कोर्टानं दिलंय की हो!" दिलंय खरं, पण तहसीलदार ऑफिसला ते कुणी सांगितलंय?

कोर्टाचा निकाल झाला की महसूल खात्यात नाव आपोआप चढतं, हा समज बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी सगळीकडे सारखाच आहे. तसं होत नाही. आणि उताऱ्यावर, म्हणजे पहणीवर, नाव नसेल तर एफआयडी (शेतकरी ओळख क्रमांक) निघत नाही. एफआयडी नसेल तर पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई सगळं ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात जातं, म्हणजे बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तुम्ही दावा जिंकलात त्याच्याच. वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की शेवटी लिहून काढलं.

इथं मुख्यतः कर्नाटकातल्या वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटणीबद्दल सांगतोय. घर, प्लॉट आणि हद्दीपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, जमिनीबद्दल शेवटी थोडक्यात आहे.

## १. हातात कोणता हुकूम आहे ते आधी ओळखा

निम्मे घोटाळे इथंच होतात. "कोर्टाचा हुकूम" म्हणून लोक जे कागद दाखवतात ते पाच तऱ्हेचे असतात.

प्राथमिक डिक्री. तुमचा हिस्सा किती, एक चतुर्थांश की एक षष्ठांश, एवढंच यात ठरलेलं असतं. कुठला तुकडा तुमचा, हे ठरलेलं नसतं. वाटणीच्या दाव्यात पहिल्यांदा हीच मिळते आणि लोक हीच घेऊन तहसीलदारांकडे धावतात. हिच्यावर वेगळा हिस्सा पडत नाही.

अंतिम डिक्री. नकाशासकट कुणाला कुठला तुकडा, हे यात असतं. हिस्सा वेगळा पाडायला ही लागते.

तडजोडीची डिक्री किंवा लोकअदालतीचा निवाडा. लोकअदालतीचा निवाडा डिक्रीसारखाच धरला जातो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीत दाव्याबाहेरची एखादी मिळकतही घुसवली असेल तर तेवढ्यापुरती नोंदणी करावी लागते. "तेवढ्यात गावातली जागा पण लिहून घेऊया," असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायम मनाई. समोरच्यानं तुमच्या वहिवाटीत अडथळा आणू नये, एवढाच हुकूम. यानं मालकी ठरत नाही. मनाईची डिक्री दाखवून नाव लावून मागायला गेलात तर नकार मिळेल, आणि तो बरोबरच असेल.

तात्पुरता स्टे. कानडीत तडेयाज्ञे. हा निकाल नव्हे, वाटेतला थांबा आहे.

> तपासा: कागदाच्या वरच्या बाजूला दाव्याचा नंबर असतो. त्यात ओ.एस. असेल तर मूळ दावा, एफ.डी.पी. असेल तर अंतिम डिक्रीचं काम. नुसता ओ.एस. असलेली वाटणीची डिक्री बहुधा प्राथमिकच असते.

प्राथमिक डिक्री २० वर्षांची जुनी सापडली तरी घाबरू नका. अंतिम डिक्रीच्या अर्जाला मुदतीची अडचण नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं आहे. प्राथमिक डिक्रीनंतर पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता कोर्टानं स्वतःहून पुढचं काम लावावं, असंही २०२२ मध्ये सांगितलं. तरी माझं मत विचाराल तर कोर्टाच्या भरवशावर बसू नका, अर्ज द्या.

## २. नकला काढा, आणि त्याच आठवड्यात

निकालाच्या दिवशी वकील "झालं काका, जिंकलो" म्हणतात आणि सगळे चहाला जातात. चहा प्या, पण कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊनच घरी जा. निकालपत्र आणि डिक्री हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्हींच्या सहीशिक्क्याच्या नकला हव्यात, प्रत्येकी दोन. एक ऑफिसात जाईल, एक घरात राहील. इंटरनेटवरून काढलेली प्रत वाचायला चांगली, पण तहसीलदार ऑफिसात ती देऊन काम होत नाही.

घाई अशासाठी की अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. नकलेवर अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, या तारखा असतात. अर्जच महिन्यानं दिला तर तो महिना कुणी वगळत नाही. हरलेल्यांना हे जास्त लागू, पण जिंकलेल्यांनाही समोरच्याच्या हातात किती दिवस आहेत ते यावरूनच कळतं.

दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबरही लिहून ठेवा. कर्नाटकातला असेल तर तो 'केए'नं सुरू होतो. त्यावरून पुढची तारीख मोबाइलवर पाहता येते आणि "तारीख कळलीच नाही" ही सबब उरत नाही.

## ३. कागद वाचून घ्या, ओळ न् ओळ

डिक्री कानडीत असेल किंवा इंग्रजीत, मराठीत नसेल. त्यामुळे आपली माणसं ती वाचतच नाहीत, नुसता शिक्का बघतात. कानडी वाचणारा भाचा, शेजारी, कुणीही धरा आणि तासभर बसा. भाषांतर करून घेतलं तरी ते स्वतःच्या समजुतीसाठी, ऑफिसात मूळ नक्कलच द्यायची.

काही शब्द कानावर असू द्या. तीर्पु म्हणजे निकाल, नकलु म्हणजे नक्कल, अर्जी म्हणजे अर्ज, चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा. स्वीकृती म्हणजे पोच. आणि तकरारु म्हणजे आपली तक्रार नव्हे, हरकत. "तकरारु आलाय" असं कारकून म्हणाला तर कुणीतरी तुमच्या नोंदीला हरकत घेतली आहे. एका गृहस्थांना वाटलं, आपल्याविरुद्ध तक्रार झालीय, आणि ते महिनाभर ऑफिसकडे फिरकलेच नाहीत. हरकतीची सुनावणी त्यांच्याशिवायच झाली.

आता खरं काम: डिक्रीतलं मिळकतीचं शेड्यूल आणि आजचा उतारा शेजारी शेजारी ठेवा. उतारा म्हणजे आरटीसी, कानडीत पहणी. पेन्सिल घ्या आणि एकेक आकडा जुळवा.

- आर.एस. नंबर (सर्व्हे नंबर) आणि हिस्सा. दावा चालू असलेल्या दहा-बारा वर्षांत जमिनीची फोड झालेली असते. डिक्रीत ४७/१ आणि उताऱ्यावर ४७/१अ, ४७/१ब. ऑफिस म्हणतं, असा नंबरच नाही. अशा वेळी फोड कधी आणि कशानं झाली ते दाखवणारी म्युटेशनची (नोंदबदलाची) नक्कल, सोबत आकारबंद आणि टिप्पण हे मोजणीचे कागद काढून ठेवा.
- क्षेत्र. एकर, गुंठा, आणा. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा.
- खराबा. इथं भांडणं होतात. ३ एकर १० गुंठे म्हणजे १३० गुंठे, चार भावंडं, म्हणून प्रत्येकी साडेबत्तीस, असा घरचा हिशोब असतो. पण उताऱ्यावर १० गुंठे खराब असेल तर लागवडीचं १२०, वाट्याला ३०. खराबातही अ आणि ब असे दोन प्रकार असतात. ब म्हणजे रस्ता, ओढा, सार्वजनिक वापराची जागा, ती कुणाच्याच वाटणीत येत नाही.
- नावं. परशराम की परशुराम, यल्लाप्पा की यल्लप्पा. लेकींचा घोळ सगळ्यात मोठा: डिक्रीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. उताऱ्याला आधार जोडायची मोहीम आल्यापासून हे जास्त अडतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा.
- हाताने लिहिलेली जुनी कागदपत्रं. कानडी ६ आणि ९ आपल्या डोळ्याला घोटाळ्यात टाकतात. शंका आली की विचारा.

माझ्या आत्याच्या डिक्रीत ११२/२ ऐवजी १२१/२ पडलं होतं. दोन आकडे उलटे, बस्स. आम्ही कुणीच पाहिलं नाही. सर्व्हेवाला शेतात येऊन उभा राहिला, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे शेत वरच्या आळीचं हो." तो दिवस, ती फी आणि पुढचे आठ महिने गेले. अशी टंकलेखनाची किंवा हिशोबाची चूक त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज देऊन केव्हाही दुरुस्त होते. नवा दावा लागत नाही. पण दुरुस्ती कोर्टच करतं. तहसीलदारांना "साहेब, तेवढं समजून घ्या" म्हणून चालत नाही.

> थांबा: घरातल्या सगळ्या बहिणी दाव्यात पक्षकार होत्या का? कर्नाटकात तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच वाट्याचा, हक्क १९९४ पासून राज्याच्या दुरुस्तीनं होता, केंद्राची दुरुस्ती २००५ ची. वडील २००५ आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानंच, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. एखादी बहीण दाव्यात नसेल तर त्या डिक्रीनं ती बांधली जात नाही. नोंदीच्या वेळी तिची हरकत येण्यापेक्षा आधीच वकिलांशी बोला आणि तिच्याशीही.

मधल्या काळात कुणी पक्षकार वारला असेल तर त्याचे वारस अंतिम डिक्रीच्या कामात आणून घ्या. मेलेल्या माणसाच्या नावे हिस्सा पाडून नंतर पौती (वारसनोंद) करू, असं म्हणणाऱ्यांचं काम दुप्पट होतं.

## ४. अपील आणि स्टे: काय थांबतं, काय थांबत नाही

खालच्या कोर्टाच्या डिक्रीवर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. आपलं उच्च न्यायालय म्हणजे धारवाडचं खंडपीठ. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून "आता कोल्हापूरलाच जाऊ, जवळ पडतं," असं निपाणीकडचे दोघं-तिघं मला म्हणाले. जवळ पडतं खरं, पण कर्नाटकातल्या कोर्टाचं अपील तिथं चालत नाही.

या टप्प्यावर चार समज हमखास ऐकू येतात.

"त्यांनी अपील केलंय, म्हणजे आपलं काम थांबलं." नाही. नुसत्या अपिलानं डिक्री थांबत नाही, वरच्या कोर्टानं स्टे द्यावा लागतो. कारकुनानं तोंडी "अपील आहे" म्हणून अर्ज परत केला तर स्टेचा हुकूम दाखवा, असं नम्रपणे विचारा.

"सहा महिने झाले, स्टे आपोआप उठला." हेही नाही. २०१८ च्या एका निकालामुळे हा समज पसरला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला केला. स्टे उठवायचा तर अर्ज द्यावा लागतो.

"आमचं न ऐकताच स्टे दिला, आता काय!" एकतर्फी तात्पुरती मनाई दिली असेल तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टानं करायचा असतो. तुम्ही लवकर हजर होऊन म्हणणं द्या. स्टे चुकीचा वाटतो म्हणून नांगर घालू नका. हुकूम मोडला तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शेतात कोण बरोबर होतं हा प्रश्न मग बाजूलाच राहतो.

"प्राथमिक डिक्री चुकलीय, पण अंतिमच्या वेळी बघू." हरलेल्यांची ही सर्वात महाग चूक. प्राथमिक डिक्रीवर अपील केलं नाही, तर अंतिम डिक्रीच्या अपिलात तिच्या बरोबर-चुकीबद्दल बोलता येत नाही.

जिंकला असाल तर कॅव्हेट दाखल करा, म्हणजे समोरच्याला तुम्हाला न कळता स्टे मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, मग पुन्हा द्यावं लागतं.

## ५. अंतिम डिक्री आणि स्टँप

सरकारला सारा भरणाऱ्या शेतजमिनीची वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ च्या कर्नाटक दुरुस्तीप्रमाणे कोर्टच करतं, गरज पडली तर तहसीलदार किंवा त्यावरच्या महसूल अधिकाऱ्याचा किंवा कमिशनरचा अहवाल मागवून. अहवालासाठी कागद कोर्टाकडून महसूल ऑफिसात आणि सर्व्हे खात्यात जातो. घर किंवा बिगरशेती जागा असेल तर कोर्ट कमिशनर नेमतं.

कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना झोपतो. कोर्टातून कुठल्या जावक क्रमांकानं आणि कुठल्या तारखेला गेला ते लिहून घ्या. महसूल ऑफिसात "आमच्याकडे आलंच नाही" हे उत्तर ठरलेलं असतं, आणि जावक क्रमांक सांगितला की तेच कागद बहुधा त्याच कपाटात सापडतात.

कमिशनर किंवा सर्व्हेअर जागेवर येणार असेल त्या दिवशी घरातलं जाणतं माणूस हजर हवं. विहीर कुणाच्या तुकड्यात, वाट कुठून, बोअरची लाइन कुणाच्या बांधावरून, हे नकाशावर त्याच दिवशी आलं पाहिजे. मुरमाड तुकडा आणि पाण्याखालचा भाताचा तुकडा गुंठ्याला गुंठा सारखे धरले असतील तर अहवालावर लेखी हरकत द्या. नंतर पारावर बसून बोलण्याला किंमत नाही.

वाटणीची अंतिम डिक्री स्टँप पेपरवर उतरवल्याशिवाय अमलात आणता येत नाही. प्रत्येकाचा वाटा किती आणि किंमत किती यावरून स्टँप ठरतो, तो कोर्टाच्या ऑफिसातून लेखी काढून घ्या. "पैसे जमले की भरू" म्हणून लोक हे वर्षानुवर्षं ठेवतात.

> सावध: डिक्री अमलात आणायची मुदत १२ वर्षं, आणि ती अंतिम डिक्रीच्या तारखेपासून मोजतात. स्टँप पेपर दिल्याच्या तारखेपासून नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे २००५ मध्ये सांगितलंय.

## ६. मोजणी आणि ११ई नकाशा

एका सर्व्हे नंबरचे तुकडे पडून वेगवेगळ्या नावांवर जाणार असतील तर नोंदीआधीचा नकाशा लागतो. त्याला ११ई म्हणतात. अर्ज नाडकचेरीत (होबळीच्या महसूल ऑफिसात) किंवा ऑनलाइन देता येतो, आणि परवानाधारक सर्व्हेअर येऊन मोजतो. कोर्टाच्या कामात सर्व्हे खात्याचा नकाशा आधीच झाला असेल तर तोच चालेल की नवा ११ई काढायचा, हे तहसीलदार ऑफिसच्या भूमी केंद्रात, म्हणजे उताऱ्यांच्या संगणक केंद्रात, आधी विचारा, म्हणजे दोनदा फी जाणार नाही.

११ईचं क्षेत्र आणि डिक्रीचं क्षेत्र जुळलं पाहिजे. जागेवर मोजल्यावर दोन-तीन गुंठे कमी भरणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट. फरक आला तर सर्व्हेअरला "डिक्रीप्रमाणे लिहा की" म्हणू नका. तो जे मोजेल तेच लिहील, आणि फरकाचं काय करायचं ते कोर्टात विचारावं लागेल.

## ७. नोंदीचा अर्ज

आपल्याकडे जुनी माणसं याला अजून वर्दी देणं म्हणतात. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४, कलम १२८ प्रमाणे मिळालेला हक्क ३ महिन्यांत कळवायचा असतो. उशीर झाला म्हणून कोर्टानं दिलेला हक्क बुडत नाही, पण मधल्या काळात समोरचा त्या जमिनीवर बोजा चढवू शकतो. दावा चालू असताना कुणी ती विकली तरी घेणाऱ्याला निकाल बांधतोच. तरीही, नाव न लावता बसलात तर आणखी एक माणूस कोर्टात ओढावा लागतो.

अर्जाला जोडायचं:

1. स्टँपवरच्या अंतिम डिक्रीची सहीशिक्क्याची नक्कल, सोबत निकालपत्राची
2. ११ई किंवा कोर्टाच्या कामातला नकाशा
3. ताजा उतारा आणि भार प्रमाणपत्र, म्हणजे ईसी
4. अपील झालेलं नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र, झालं असेल तर त्यातल्या हुकुमाची नक्कल
5. सर्व हिस्सेदारांचे चालू पत्ते
6. ओळखपत्र, आणि नावात फरक असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र

पाचवा मुद्दा साधा दिसतो, पण नोटिसा परत येतात त्या यामुळेच. भाऊ पुण्यात, बहीण गडहिंग्लजला, आणि अर्जावर तीस वर्षांपूर्वीचा गावचा पत्ता.

अर्ज कानडीत द्या. कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय हे मला माहीत आहे, आणि भाषेचा लढा लढायचा तिथं लढावाच. पण ही नोंद करणारा कारकून तुमचा अर्ज वाचू शकला पाहिजे, नाहीतर तो ढिगाच्या तळाशी जातो. बाहेर बसणारा बाँड रायटर लिहून देतो. त्याच्याकडून लिहून घेतल्यावर तिसऱ्याच माणसाकडून वाचून घ्या. घरच्या फायलीसाठी मराठीत एक प्रत ठेवा.

> तपासा: पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर सकाला या वेळेत सेवा देण्याच्या सरकारी योजनेचा पंधरा आकडी नंबर असतो आणि काम किती दिवसांत व्हायला हवं ते असतं. "राहू द्या, उद्या घेऊन जा" असं म्हटलं तर उद्यापर्यंत तिथंच बसा.

## ८. नोटीस, हरकत आणि हिंबरह

अर्जावर म्युटेशनचा नंबर पडतो, एम.आर. म्हणून ओळखतात तो, आणि संबंधितांना नोटीस जाते. ग्राम आडळित अधिकारी, ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, चौकशी करतात. हरकत आली नाही तर नोंद पुढं सरकते. हरकत आली तर प्रकरण तहसीलदारांपुढं आरआरटी केस म्हणून चालतं.

तिथं पुन्हा सगळा दावा लढवायला जाऊ नका. आजोबांनी काय म्हटलं होतं, कुणी कुणाला सांभाळलं, याचा तहसीलदारांशी संबंध नाही. एवढंच सांगा: हक्क दिवाणी कोर्टानं ठरवलाय, ही डिक्री, यावर स्टे नाही. तीन वाक्यं लेखी द्या. हरकतदाराकडे स्टेचा हुकूम असेल तर मात्र तुमचं म्हणणं वरच्या कोर्टात.

काम अडलं तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारण लेखी मागा. त्याला कानडीत हिंबरह म्हणतात. हा एक शब्द पाठ करून ठेवा. "सर, हिंबरह कोडी," म्हणजे "सर, हिंबरह द्या," एवढं म्हटलं की बऱ्याचदा अडलेली फाइल हलते, कारण लेखी कारण द्यायचं तर ते खरं असावं लागतं. ते मिळालं की पुढची वाट मोकळी: म्युटेशनच्या हुकुमावर असिस्टंट कमिशनरकडे, म्हणजे प्रांतांकडे, ६० दिवसांत अपील, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण. बेळगाव जिल्ह्यात ही प्रांत ऑफिसं बेळगाव, चिक्कोडी आणि बैलहोंगल इथं आहेत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

## ९. नवी पहणी हातात आल्यावर

आनंदात घडी घालून ठेवू नका, वाचा. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव आणि क्षेत्र. रकाना १० मध्ये हक्क कशानं आला, म्हणजे तुमच्या म्युटेशनचा नंबर. रकाना ११ मध्ये बोजे आणि हुकूम. जुन्या खातेदाराचं सोसायटीचं कर्ज किंवा केव्हाच उठलेला स्टे तिथं तसाच राहिलेला असतो. स्टे उठल्याचा हुकूम देऊन तो काढायला वेगळा अर्ज लागतो. रकाना १२ मध्ये पीक आणि कसणारा. बारावा कुणी बघत नाही, आणि पुढची कटकट तिथूनच सुरू होते.

नाव लागलं म्हणजे ताबा मिळाला असंही नाही. भाऊ तुकडा सोडत नसेल तर कोर्टात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज द्यावा लागतो. बेलीफ येतो, ताबा देतो, पंचनामा होतो. अडवणूक झाली तर कोर्टाकडून पोलिस मदत मागता येते. डिक्री हातात घेऊन आपणच चार पोरं जमवून बांध घातला, असं करू नका. उलट फिर्याद होते आणि जिंकलेला माणूस जामिनासाठी धावतो.

ताबा घेताना उभं पीक कुणाचं, हे पंचनाम्यात लिहून घ्या. उसाचं शेत असेल तर कारखान्याला नव्या उताऱ्याची प्रत आधी द्या, नाहीतर तोडणी तुमच्या शेतात आणि बिल जुन्या नावावर.

## घर, प्लॉट आणि हद्दीपलीकडची जमीन

घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) अर्ज द्यायचा आणि ई-स्वत्तू या पंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीवर फॉर्म ९ आणि ११ नव्या नावानं घ्यायचे. शहरात महापालिकेचा खाता आणि सिटी सर्व्हेचा उतारा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक बदलली की दुसरी बदलते, असं नाही. घरपट्टी भरली म्हणजे नाव लागलं, हा समज तर सोडूनच द्या.

आपल्याकडे एकाच घराची थोडी जमीन उचगावकडे आणि थोडी चंदगडात, हे नवीन नाही. दोन्हीकडची मिळकत एकाच वाटणीच्या दाव्यात घेता येते आणि तो दावा दोन्हींपैकी कुठल्याही एका ठिकाणच्या कोर्टात चालतो. पण अंमल करताना पलीकडच्या जमिनीसाठी डिक्री तिथल्या कोर्टाकडे पाठवून घ्यावी लागते, आणि नोंदी दोन: इकडे म्युटेशन आणि पहणी, तिकडे फेरफार आणि सातबारा. तिकडचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, पण जवळपासच. डिक्रीत दोन्ही मापं लिहून घेतली तर पुढचा वाद टळतो.

तिकडे राहणाऱ्या भावानं कोल्हापुरात मुखत्यारपत्र करून पाठवलं तर ते कर्नाटकात पोचल्यापासून ३ महिन्यांत इथल्या दराचा फरकाचा स्टँप भरून घ्या. पोस्टाचं पाकीटही जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्यानं तारीख सिद्ध होते.